कारागिराचा वेळ कोण विकत घेणार?

आंबा, फणस, पळस, सोनचाफा, शिवण. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही वाडीत ही झाडं परड्यात, बांधावर नाहीतर मागच्या डोंगरात भेटतात. ब्रह्मदेशाच्या राजांची बरीच आसनं याच झाडांच्या लाकडांतून घडत. मंडालेच्या राजवाड्यात आठ प्रकारची राजासनं होती आणि कोणत्या आसनाला कोणतं लाकूड वापरायचं हे परंपरेने ठरलेलं होतं. शंखाची नक्षी असलेल्या आसनाला आंबा, कमळाच्या आसनाला फणस, मोराच्या आसनाला पळस, हत्तीच्या आसनाला सोनचाफा आणि सर्वांत मानाच्या सिंहासनाला शिवण. ज्याच्यासमोर मंत्र्यांनी गुडघे टेकायचे, ते आसन मुळात शिवणीचं खोड होतं.

हे ध्यानात आलं की दरबारी वस्तूंबद्दलची आपली एक पक्की समजूत डळमळते. राजाकडच्या वस्तू मोलाच्या असत, कारण त्या मोलाच्या द्रव्यांच्या असत, असं आपण धरून चालतो. सोनं, हस्तिदंत, माणिक, पाचू अशी यादी केली की ऐश्वर्याचं वर्णन पुरं झालं असं वाटतं. शिवणीच्या त्या सिंहासनावर सोन्याचा वर्ख होता, काचेचे तुकडे जडवलेले होते. पण वर्खाचं सोनं वजनात फारसं भरत नाही आणि काच काही दुर्मीळ नव्हे. मग त्या खोडाचं सिंहासन झालं कशामुळे? माझं उत्तर असं : दरबार जे खरोखर विकत घेत असे आणि जे बाजारात इतर कुणाला परवडत नसे, ते म्हणजे कारागिराचा वेळ. लाकूड, काच, सोनं ही सामग्री त्या वेळेला दिसण्याजोगं रूप देत असे. दरबार संपल्यावर आपण काही वस्तू जपल्या, काही गमावल्या, त्यांच्याविषयी पुष्कळ हळहळलो. पण कारागिराचा वेळ विकत घेणारी व्यवस्था पुन्हा उभी केली नाही. जडावकाम आणि कोरीवकाम ओसरलं ते हात थकले म्हणून नव्हे. त्या हातांच्या वेळेला गिऱ्हाईक राहिलं नाही, हे त्यामागचं मुख्य कारण आहे.

हा प्रश्न रत्नागिरीतून विचारण्याला विशेष अर्थ आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य गेलं त्याला निमित्त झालं ते लाकडाच्या हिशेबाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३मध्ये स्थापन झालेली मुंबईची कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागवान काढत होती. तोडलेल्या ओंडक्यांचा आकडा कमी दाखवून राजाचा महसूल बुडवल्याचा ठपका १८८५मध्ये तिच्यावर आला. मंडालेच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे हलुत्तॉने, तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना हवं असलेलं कारण मिळालं. नोव्हेंबर १८८५मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्याच महिनाअखेरीस राजा बंदी झाला. एप्रिल १८८६मध्ये त्याला रत्नागिरीत आणण्यात आलं. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो त्या वाड्यात तो राहायला गेला १९१०मध्ये, आणि डिसेंबर १९१६मध्ये रत्नागिरीतच वारला. अरबी समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या वाड्याच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या पाहताना, त्यात राहणारा माणूस सागवानाच्या तंट्यातून इथवर आला होता, हे विसरता येत नाही.

राजा रत्नागिरीत असताना त्याच्या दरबाराच्या वस्तू तीन वाटांनी पांगल्या, आणि प्रत्येक वाट मूल्याबद्दल काही सांगते. राजचिन्हं आणि सोन्याची भांडी लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेली. हलुत्तॉच्या दालनातलं शिवणीचं सिंहासन कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेलं. राजाजवळ उरली ती अंगावरची आणि पेटीतली रत्नं. निर्वासनाच्या काळात पैशाची गरज पडली तशी त्यातली रत्नं विकली गेली. माणकाला कोणत्याही पेठेत भाव असतो. त्याचा मालक राजा असो की कर्जबाजारी कैदी, सराफ खड्याचं वजन, रंग आणि पाणी पाहतो. सिंहासनाचं तसं नाही. ते रत्नागिरीत आणलं असतं तरी त्याला भाव आला नसता. वर्ख खरवडून, काचा काढून जे हाती आलं असतं, ते चुलीत घालण्याच्या लायकीचं लाकूड. द्रव्याची किंमत बाजार सांभाळतो. वेळेची किंमत मात्र ती ओळखणारा समाज असेल तरच टिकते. म्हणून दरबार मोडतो तेव्हा पहिला घाव सोनारापेक्षा सुतारावर, लाखेच्या कारागिरावर, जडावकाम करणाऱ्यावर बसतो.

वेळ लागतो म्हणजे काय लागतं, हे कामाच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही. ब्रह्मी दरबारी कामात लाकडावर जो काळा लेप असतो, तो आपल्याकडच्या लाखेचा नव्हे. आपली लाख किड्यापासून मिळते. ब्रह्मदेशात ‘थिट्सी’ नावाच्या झाडाचा चीक वापरतात. हा चीक उन्हात ठेवून वाळत नाही, तो दमट हवेत घट्ट होतो. म्हणून एक हात दिल्यावर वस्तू जमिनीखालच्या ओलसर तळघरात काही दिवस ठेवायची, मग बाहेर काढून घासायची, मग पुढचा हात द्यायचा. असे हातावर हात चढतात. घाई करून जाड लेप दिला तर वरचा थर सुरकुततो आणि आतला कच्चा राहतो. उत्तम वस्तूला अनेक महिने लागतात. याच चिकात राख मळून कणकेसारखा लगदा करतात, त्याचे बारीक दोरे वळतात, त्या दोऱ्यांतून वेली आणि ज्वाळा उठवतात, मधल्या कोंदणांत आरशाचे आणि रंगीत काचेचे तुकडे बसवतात, आणि शेवटी सोन्याचा वर्ख लावतात. या सगळ्यात अशी एकही पायरी नाही जिच्यावर दोनाऐवजी चार माणसं लावली म्हणजे काम निम्म्या दिवसांत होईल. चीक आपल्या गतीने घट्ट होतो. त्या गतीने थांबणाऱ्या माणसाच्या पोटाची सोय कुणीतरी लावलेली असावी लागते. दरबार ती लावत असे.

आपल्या किनाऱ्यावरही हेच गणित होतं. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सरदारांसाठी आणि धर्मपीठासाठी अनेक खणांची कपाटं घडत. पोर्तुगीज त्यांना ‘कोंतादोर’ म्हणत. पाया सागवानाचा, त्यावर अबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची अखंड जाळी, कोपऱ्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे. खालचे पाय कधी नागकन्येच्या तर कधी जलपरीच्या आकाराचे. यातली उत्तम कपाटं आज लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. त्या वर्तुळांचं सौंदर्य सगळे वाखाणतात. मला त्यामागची हवामानाची जाण अधिक थोर वाटते. कोकणात चार महिने हवा ओलीचिंब असते. लाकूड पावसाळ्यात रेषेच्या आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. हस्तिदंत त्याच्या बरोबरीने हलत नाही. सरस ओल्या हवेत सैल पडतो. म्हणजे लाकूड नीट न मुरवता जडवलेला तुकडा दोन-तीन पावसाळ्यांत उचलला जाणार, हे ठरलेलंच. म्हणून कमी हलणारं सागवान पायाला घ्यायचं, फळ्या पुरेशा सुकू द्यायच्या आणि जडवलेल्या तुकड्यांना बारीक खिळ्यांनी धरून ठेवायचं. साडेतीनशे वर्षांनंतरही ती वर्तुळं जागेवर आहेत, कारण करवत लावण्याआधी कुणालातरी वाट पाहण्याचे पैसे मिळाले होते.

याच्या शेजारी मुंबईची एक वस्तू ठेवून पाहू. इराणच्या शिराझहून सिंधमार्गे सुरत आणि मुंबईत आलेलं ‘साडेली’ काम. यात हस्तिदंत, शिंग, रंगवलेलं लाकूड आणि कथील यांच्या बारीक त्रिकोणी काड्या करतात, त्या सरसाने एकत्र बांधून जुडगा करतात आणि जुडग्याचे आडवे पातळ काप काढतात. प्रत्येक कापावर तीच तारका, तीच भूमिती. काप चंदनाच्या किंवा साध्या लाकडाच्या डब्यावर चिकटवले की काम झालं. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर या डब्यांना मोठी मागणी आली आणि ते ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले. साडेली ही अस्सल बुद्धीची करामत आहे. एकदा केलेल्या कामातून पुष्कळ काप निघतात, त्यामुळे जी नक्षी राजाकडेच शोभायची ती मध्यमवर्गीय घराच्या टेबलावर आली. वेळ वाचवणं हा गुन्हा नाही आणि बाजार हा कलेचा शत्रू नाही, हे साडेलीने दाखवून दिलं आहे. पण तिने दुसरीही गोष्ट दाखवली. ज्या कामात काप काढता येतो तेच काम बाजार वाढवतो. ज्यात प्रत्येक वळण नव्याने विचार करून कोरावं लागतं, त्या कामाला बाजार हळूहळू वगळतो. दोन्ही कामं जगायची असतील तर दुसऱ्यासाठी वेगळा आधार लागतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. दरबारांनी कारागिराचा वेळ विकत घेतला असं म्हणणं म्हणजे राजेशाहीला उजळा देणं नव्हे का? बऱ्याचदा तो वेळ विकत घेतलेलाही नव्हता, हिसकावून घेतलेला होता. १७६७मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जिंकली तेव्हा सयामचे कारागीर, नर्तक, गवई युद्धकैदी म्हणून ब्रह्मदेशात नेले. मंडालेच्या ज्या नजाकतीची स्तुती होते तिच्यात त्या कैद्यांच्या वंशजांचाही वाटा आहे. गोव्यात १५६७च्या धर्मसभेने हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि चर्चची उपकरणं करू नयेत असा ठराव केला. ज्यांच्या हातांशिवाय पान हलत नव्हतं त्यांनाच अपवित्र ठरवण्याचा तो प्रकार होता. आपल्याकडे गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. त्याचं पोट बांधलेलं होतं आणि पायही बांधलेले होते. जन्माने ठरलेला धंदा त्याने सोडायचा नाही, आणि इतर कुणी तो धरायचा नाही. हे सारं खरं आहे. वस्तू सुंदर आहे म्हणून तिच्यामागचा अन्याय कमी होत नाही.

द्रव्यांची बाजूही तितकीच काळी आहे. जडावकामातला हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर पूर्व आफ्रिकेतून दीव, सुरत, मुंबई या बंदरांत येई. त्यामागे हत्तींची अमाप कत्तल होती आणि दात वाहून आणणाऱ्या माणसांचे हालही होते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, आणि १९८१पासून सिंधुदुर्गात असलेल्या विजयदुर्गला गव्याच्या शिंगांच्या शोभेच्या वस्तू होत. त्यातली कारागिरी नावाजलेली होती. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा व्यापाराला चाप लावला आणि १९८९मध्ये आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. हे योग्यच झालं. गवा आणि हत्ती जगले पाहिजेत. त्यापायी एखादी कला बंद पडली तर ती किंमत मोजण्यासारखी आहे.

पण या दोन्ही आक्षेपांनी माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट नितळ होतो. हस्तिदंत गेला तर जडावकाम जात नाही. म्हैसूरच्या कारागिरांनी हस्तिदंत सोडून वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचं जडावकाम शिसवीवर चालू ठेवलं आहे. सक्ती गेली, जातीची बेडी तुटली, तरी कौशल्य जायला हवं असं नाही. राजेशाहीतून टाकून द्यावं असं खूप आहे : मालकी, सक्ती, हिंसेतून आलेलं द्रव्य, कारागिराचं नाव पुसून स्वतःचं नाव कोरण्याची वृत्ती. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. उत्तम कामाला लागतो तेवढा वेळ लागू द्यायचा, आणि त्या वेळात करणाऱ्याला निर्धास्त ठेवायचं. आपण लोकशाहीत नेमकं उलट केलं. राजेशाहीच्या खुणांचं कौतुक ठेवलं आणि ही एक गोष्ट टाकून दिली.

जतन म्हणजे वस्तुसंग्रहालय, असं आपल्या मनात बसलं आहे. संग्रहालयांचं ऋण मोठं आहे. मंडालेचा राजवाडा १९४५मध्ये दुसऱ्या महायुद्धात जळाला आणि तिथली आसनं नष्ट झाली. कोलकात्याला गेलेलं सिंहासन तेवढं वाचलं. १९४८मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाला ते परत देण्यात आलं आणि आता ते यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लंडनची राजचिन्हं १९६४मध्ये परत गेली. लूट झाली म्हणून वस्तू वाचली, असं म्हणून लुटीचं समर्थन होत नाही, कारण ज्या युद्धांत राजवाडा गेला ती युद्धंही साम्राज्यांचीच होती. पण माझा रोख पुढच्या घटनेवर आहे. १९९०च्या दशकात मंडालेचा राजवाडा जुन्या नकाशावर पुन्हा उभारण्यात आला. आकार तोच, मांडणी तीच. पण काँक्रीट आणि पत्रा वापरून. सिंहासन डोळ्यांसमोर होतं, नकाशे होते, छायाचित्रं होती, देशात सागवान होतं, थिट्सीचा चीक होता, चिकाचं काम करणारे हातही होते. तरी सागवानी राजवाडा उभा राहिला नाही, कारण तेवढा वेळ द्यायला कुणी तयार नव्हतं. वस्तू जपली म्हणजे ती घडवण्याची शक्ती जपली जातेच असं नाही, याचा यापेक्षा ठळक दाखला मला माहीत नाही.

शक्ती जपण्याचा दाखला मात्र आपल्या जवळच आहे. सावंतवाडीच्या भोसले संस्थानात अठराव्या शतकापासून गंजिफा रंगत. दशावतारी गंजिफ्याचे गोल पत्ते एकशे वीस. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, चकत्या कापायच्या, त्यावर अवतार रंगवायचे, वरून लाख चढवायची. चितारआळीतल्या चिताऱ्यांचा हा वारसा विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ विझला होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती कला पुन्हा शिकून घेण्याची सोय केली. राजमाता स्वतः शिकायला बसल्या. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कार्यशाळा सुरू झाली आणि ती आजही चालते. १९७१मध्ये देशातल्या संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने बंद झाले. म्हणजे ही कला टिकली ती राजसत्तेच्या जोरावर टिकली असं म्हणता येत नाही, कारण सत्ता केव्हाच गेली होती. टिकली ती एका घराने जागा दिली, रोजगार दिला आणि निकालाची घाई केली नाही म्हणून. याच गावात पांगारा, आंबा अशा हलक्या लाकडांची खेळणी आणि फळं करणारे कारागीरही आहेत. प्लॅस्टिकच्या आणि यंत्रावरच्या मालाशी रोज किमतीत झुंजताना त्यांना नव्या, अवघड कामाकडे वळायला सवड कुठून मिळणार? एकाच आळीत दोन नशिबं दिसतात, आणि त्यांतलं अंतर कौशल्याचं कमी, सवडीचं अधिक आहे.

आता राज्यसंस्था काय करते ते पाहू. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यात आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. कारागिराची दखल घेणारी योजना म्हणून तिचं स्वागत केलं पाहिजे. पण तिच्यातलं मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं आहे आणि पुढचं पंधरा दिवसांचं. अवजार मिळतं, भांडवल मिळतं, ओळखपत्र मिळतं. वेळ मिळत नाही. कर्जाचा हप्ता तर महिन्याला येतो, म्हणजे महिन्याला विकलं जाईल असंच काम करण्याकडे तो ढकलतो.

सरकारी बांधकामाची रीत याहून विरोधी आहे. निविदा काढायची, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचं, आणि मार्चअखेर निधी खर्च करायचा. लाकडाचं वर्ष मार्चमध्ये संपत नाही. फळी सुकवून, एक पावसाळा तिची चाल पाहून मग कामाला घ्यावी, हे शहाणपण ३१ मार्चच्या चौकटीत बसत नाही. मग ओल्या लाकडाचे दरवाजे लागतात, ते वाकतात, आणि पुढच्या दुरुस्तीत ॲल्युमिनियम येतं. दोष कुणा एका अधिकाऱ्याचा नसतो. वेळेला खर्च मानणारी आणि वेळेला मूल्य न मानणारी ती पद्धतच आहे.

यंत्राचा मुद्दाही टाळू नये. आज संगणकावर चालणारं राउटर यंत्र शिसवीत हवी ती वेल काही तासांत कोरतं. मग माणसाने वर्ष का घालवावं? मी यंत्राच्या विरोधात नाही. ओबडधोबड छिलणं, भारी लाकूड कापणं, सारखी खाच पाडणं ही कष्टाची कामं यंत्राने जरूर करावीत. कारागिराची पाठ आणि फुप्फुसं वाचतील. पण यंत्र दिलेल्या रेषेवर चालतं. लाकडातली गाठ कुठे आहे, रेषा कुठे वळते, पावसात हा सांधा कुठल्या बाजूला ओढ घेईल, हे पाहून रेषाच बदलण्याचा निर्णय माणूस घेतो. तो निर्णय घेण्याची कुवत वर्षानुवर्षं लाकडाशी राहून येते. तशी माणसं उरली नाहीत तर यंत्राला काय कोरायचं हे सांगणारंही कुणी उरणार नाही. आपण जुन्याच वेलींचे काप काढत राहू.

मग राजा नसताना वेळ विकत कोण घेणार? कोकणापुरतं माझं उत्तर आहे : गाव. कोकणात एक दरबार अजून भरतो आणि तो ग्रामदेवतेचा आहे. शिमग्याला रत्नागिरीच्या भैरीची पालखी निघते, गावोगावच्या पालख्या निघतात, खांद्यावर नाचतात, घराघरांत येतात. मानकरी ठरलेले, मान ठरलेले, वर्गणी ठरलेली. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात आणि हात आखडता घेत नाहीत. पालखीला, देव्हाऱ्याला, सभामंडपाच्या खांबांना लाकूडकाम लागतंच. म्हणजे राजदरबाराजवळ जे होतं ते सगळं इथे आहे : श्रद्धा, पैसा, पिढ्यांचं सातत्य, आणि ज्याला घाई नाही असा मालक. देवाला मार्चअखेर नसते.

पुरीत हे कसं साधलं आहे ते पाहण्यासारखं आहे. जगन्नाथाचे रथ दर वर्षी नव्याने बांधतात. अक्षय्य तृतीयेला काम सुरू होतं आणि सेवेकरी सुतार रथयात्रेपर्यंत ते पुरं करतात. रथ जपून ठेवत नाहीत, म्हणूनच रथ बांधण्याची विद्या जपली गेली. तिथे वस्तूपेक्षा कामाच्या पुनरावृत्तीला महत्त्व आहे आणि दर वर्षी नव्या पिढीला जुन्या पिढीच्या शेजारी उभं राहून शिकण्याची हक्काची संधी आहे.

आपण मात्र जीर्णोद्धाराच्या नावाखाली उलटा मार्ग धरला आहे. कोकणात किती देवळांचे फणसाचे, सागाचे कोरीव खांब काढून तिथे सिमेंटचे खांब, चकचकीत फरशा आणि तैलरंग आले, हे डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याला दिसतं. खर्च कमी होत नाही, बऱ्याचदा लाखांच्या घरात जातो. गावाची भक्ती खोटी नसते. ‘पक्कं’ काम म्हणजे सिमेंटचं काम, आणि लवकर झालेलं काम म्हणजे चांगलं काम, या दोन समजुती तिथे जिंकतात. मला हे मनापासून लागतं, कारण इथे पैशाचा अभाव नाही. राजाएवढा पैसा गाव उभा करतं आणि मग तो पैसा घाईच्या हाती देतं.

म्हणून माझं मागणं देवस्थान समित्यांकडे, चाकरमान्यांच्या मंडळांकडे आणि शासनाकडे आहे, आणि ते अगदी करता येण्याजोगं आहे. जीर्णोद्धार ठरवला की पहिल्या वर्षी फक्त लाकूड घ्या आणि ते सुकू द्या. जुना खांब कुजला असेल तर कुजलेला भाग काढून नवा सांधा द्या, अख्खा खांब टाकू नका. जुन्या सुताराबरोबर गावातली दोन मुलं किंवा मुली ठेवा, कोणत्याही जातीची, आणि त्यांचा रोज वर्गणीतून द्या. काम फुटाच्या दराने देऊ नका, महिन्याच्या वेतनाने द्या, कारण फुटाचा दर हा घाईचा दर असतो. शासनाने संरक्षित वास्तूंच्या लाकूडकामासाठी अनेक वर्षांची अखंड तरतूद ठेवावी आणि तिला मार्चअखेरीतून सूट द्यावी. थिबा पॅलेस ही राज्य संरक्षित वास्तू आहे आणि तिथे पुरातत्त्व विभागाचं प्रादेशिक संग्रहालय आहे. कोकणातल्या लाकूडकामाची कायमची शाळा म्हणून या वाड्याची देखभाल चालवता येईल. प्रत्येक पावसाळ्यानंतर खिडक्या-दरवाजे तपासायचे, सांधे भरायचे, आणि हे करत करत शिकवायचं. संग्रहालयात वस्तू आणि आवारात ती वस्तू घडवणारे हात, असं दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतं.

घरगुती पातळीवरही हे लागू आहे. लग्नात, वास्तुशांतीत आपण पुष्कळ खर्च करतो. त्यातला एक हिस्सा सुताराला आगाऊ देऊन ‘दोन वर्षांनी दे, पण मनासारखं कर’ असं सांगणारी दहा घरं एका तालुक्यात निघाली, तर त्या तालुक्यातला एक कारागीर हलकं काम टाकून अवघड काम हाती घेऊ शकतो. देव्हारा असो, पेटी असो, पाळणा असो, वस्तूच्या खाली त्याचं नाव आणि साल कोरायला सांगा. राजांनी जे नाव पुसलं ते आपण परत लिहायला सुरुवात करू शकतो.

दरबार परत यावेत असं म्हणणारा मी नाही. एका माणसाच्या इच्छेवर हजारोंचं आयुष्य टांगलेलं असण्यापेक्षा आजची अपुरी लोकशाही शतपटीने बरी. पण लोकशाहीने स्वतःला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : राजाला जे एका माणसाच्या हौसेपायी परवडत होतं, ते आपल्या सगळ्यांना मिळून का परवडत नाही? आंबा, फणस, पळस, शिवण आजही आपल्या डोंगरात आहेत. पैसा पूर्वीपेक्षा जास्त आहे. शिकण्याची मोकळीक, जी बलुतेदाराच्या मुलाला कधीच नव्हती, ती आता कायद्याने प्रत्येकाला आहे. कमी आहे ती आपल्या थांबण्याच्या तयारीची, आणि ती कोणत्याही खजिन्यातून आणावी लागत नाही. पुढच्या जीर्णोद्धाराच्या सभेत एका माणसाने उठून ‘एक पावसाळा थांबू’ एवढं म्हटलं, आणि बाकीच्यांनी ते मानलं, तरी सुरुवात झाली.